तांब्याच्या पत्र्यावरचे हुतात्मे : वसई, कुंकळ्ळी, गोवा

सोळाव्या व सतराव्या शतकांतील युरोपीय धर्मच्छळाची खोदचित्रे आपल्याकडे ज्या दोन पक्षांच्या तावडीत सापडली आहेत, त्यांपैकी एकास त्यांत गोव्यातील अत्याचारांचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा दिसतो आणि दुसऱ्यास डच-इंग्रज प्रोटेस्टंटांनी रचलेले कुभांड. चित्र मात्र दोघांनाही दिसत नाही. तांब्याचा पत्रा विकत घ्यावा लागतो, तो कोरणाऱ्याला मजुरी द्यावी लागते, कागद, शाई आणि दाबयंत्र यांचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो, आणि तो उचलणाऱ्याच्या मर्जीनेच कोणाचे मरण चित्रात यायचे व कोणाचे गाळायचे हे ठरते, ही साधी गोष्ट मी पुष्कळ वर्षे सभांतून व लेखांतून सांगत आलो आहे. तिचा परिणाम विद्वज्जनांवर झाल्याचे दिसत नाही, म्हणून या अंकाच्या संपादकांनी आढाव्याचे निमंत्रण देताच तीच कागाळी पुन्हा एकदा मांडण्याची संधी मी साधतो आहे.

फॉक्सच्या 1563 च्या इंग्रजी हुतात्माग्रंथातील लाकडी ठसे, त्यास कॅथलिक पक्षाने व्हेरस्टेगनच्या हातून अँटवर्प येथे 1587 मध्ये दिलेले सचित्र उत्तर, आणि गालोनियोच्या 1591 च्या ग्रंथात तेंपेस्ताने कोरलेली छळयंत्रांची ती थंड, कारकुनी चित्रे, हा राजमार्ग वाचकांच्या परिचयाचा असल्याने तेथे मी थांबत नाही. शिरा ताणून दाखवण्याच्या या स्पर्धेत मला एकच माणूस खरा चित्रकार वाटतो, तो ॲम्स्टरडॅमचा यान लाउकेन. 1685 च्या ॲनाबॅप्टिस्ट हुतात्मापुस्तकासाठी त्याने जी 104 चित्रे केली, त्यांपैकी पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात पडताच मागे वळून त्याला हात देणाऱ्या डर्क विलेम्सचे चित्र ज्याने एकदा पाहिले, त्याला त्याच पुस्तकातील उरलेल्या चिता आठवत नाहीत.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. मेणवलीची घंटा आणि भीमाशंकरची घंटा पुणेकराला ठाऊक असते. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेचे हे स्मारक तो पाहुण्यांना अगत्याने दाखवतो. परंतु त्या मोहिमेच्या शतकाहून अधिक आधी वसईचा एक माणूस युरोपातील एका अव्वल कलावंताच्या पत्र्यावर कोरला गेला होता, हे सांगितले तर समोरचा आश्चर्याने पाहू लागतो. हे गृहस्थ म्हणजे गोन्सालो गार्सिया : पिता पोर्तुगीज, माता वसईकडचीच. जेझुइटांबरोबर ते कोवळ्या वयात जपानला गेले, तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, काही काळ व्यापार केला, आणि जेझुइट संघात प्रवेश मिळेना तेव्हा मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. 1593 मध्ये पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या वकिलातीत दुभाषा म्हणून त्यांनी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी बोलणी केली. पुढे सान फेलिपे या स्पॅनिश जहाजाच्या प्रकरणानंतर हिदेयोशीची मर्जी फिरली, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले, त्यांत हे वसईकर होते.

सव्वीस हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण चित्रात तो नाही. 1627 मध्ये रोमने या मंडळींस धन्यपद दिले, तेव्हा फ्रान्सिस्कन संघाशी संबंधित तेवीस आणि जेझुइट तीन अशी विभागणी झाली. त्या सुमारास लोरेनमधील नान्सीच्या झाक कालोने जे चित्र केले त्यात तेवीसच आहेत. ऑग्सबर्गच्या वोल्फगांग किलियानने 1628 मध्ये केले, त्यातही तेवीसच. एकाच टेकडीवर, एकाच सकाळी, एकाच हुकुमाने मेलेले जेझुइट पाउलो मिकी व त्यांचे दोन सोबती पत्र्यावर आले नाहीत. ही दोन संघांमधील भाऊबंदकी आहे, आणि ती कोणत्याही दस्तऐवजापेक्षा या पत्र्यांवर अधिक स्वच्छ वाचता येते, असे माझे मत आहे.

कालोचे चित्र लहान आहे, भिंगाखाली पाहण्याजोगे. त्याच्या आधीचे कारागीर पत्र्यावर मऊ मेणाचा लेप देत, त्यामुळे तेजाब रेषेच्या कडेने आत शिरे आणि बारीक काम बिघडून जाई. कालोने ल्यूट बनवणाऱ्या कारागिरांचे कडक रोगण वापरले, आणि तिरक्या टोकाची अशी सळई हाती घेतली की जिने एकाच फटकाऱ्यात रेषा बारीक सुरू होऊन मध्ये फुगावी आणि पुन्हा निमुळती व्हावी. पत्रा तेजाबात एकदा खाववून, दूरच्या रेषा झाकून, जवळच्या पुन्हा खाववण्याच्या त्याच्या हातोटीमुळे कागदावर प्रकाश आणि अंतर उभे राहते. एरवी हा कलावंत जत्रा, भिकारी आणि विदूषक काढण्यात रमणारा. येथे क्रूसांची रांग आणि त्यांना टेकलेले भाले एवढ्याच उभ्या-तिरक्या रेषांवर त्याने सगळा डाव मांडला आहे. माणसे इतकी लहान आहेत की चेहऱ्यावरून एकही ओळखता येणार नाही, आणि वसईकर कोणता असे मला विचारणाऱ्या एका तरुण मित्राला मी तेवीसांपैकी कोणताही एक निवडण्यास सांगितले. 1862 मध्ये गोन्सालो गार्सिया यांस सव्वीसांपैकी एक म्हणून संतपद मिळाले, वसईच्या गास गावी त्यांच्या नावाचे चर्च आहे, आणि भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून त्यांचा उल्लेख होतो; परंतु कालोच्या अभ्यासकांना वसई ठाऊक नाही आणि वसईच्या अभ्यासकांना कालो ठाऊक नाही, हे दुखणे अद्याप तसेच आहे.

कुंकळ्ळीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 1567 च्या सुमारास गोव्याच्या सासष्टीतील देवळे पाडण्यात आली, त्यानंतर कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांनी सारा देण्यास नकार देऊन पोर्तुगीज अमलाविरुद्ध दंड थोपटले. आणि 25 जुलै 1583 रोजी चर्चसाठी जागा पाहण्यास आलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यांचे प्रमुख रोदोल्फो आक्वाव्हिव्हा हे अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले, मोठ्या घराण्यातले. या प्रसंगाचे वर्णन करणारे एक सविस्तर पत्र ज्या जेझुइटाने लिहिले, ते म्हणजे पुढे 1616 मध्ये मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापणारे थॉमस स्टीफन्स, हे मराठी वाचकाने विसरू नये. आक्वाव्हिव्हा व त्यांचे चार सहकारी 1675 मध्ये प्राग येथे छापलेल्या मातियास टानेरच्या हुतात्माग्रंथात दाखल झाले, आणि 1893 मध्ये धन्यपदास पोहोचले. टानेरच्या ग्रंथाची चित्रे कारेल स्क्रेताने रेखाटली, मेल्खियोर क्युसेलने कोरली; दोघांनीही सासष्टी पाहिलेली नाही, आणि साळ नदीच्या काठचे मरण त्यांनी मध्य युरोपातील आपल्या दालनात बसून रचले, याचा दोष मी त्यांना देत नाही.

मात्र त्या दिवशी पाच जेझुइटांबरोबर एक पोर्तुगीज गृहस्थ आणि चौदा स्थानिक ख्रिस्ती माणसेही मेली, त्यांत दोन पोरे होती. 1893 च्या धन्यपदाच्या यादीत त्यांची नावे नाहीत. आणि पुढे बोलणी करण्याच्या मिषाने पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या सोळा म्होरक्यांना असोळणे किल्ल्यावर बोलावून त्यांपैकी पंधरांचा वध केला, एक नदीत उडी टाकून निसटला, त्या पंधरांसाठी तर कोणत्याच दालनात कोणी पत्रा हातात घेतला नाही. त्यांची स्मृती अन्य मार्गाने टिकली. फातर्प्यास हलवलेली शांतादुर्गा फाल्गुनात कुंकळ्ळीस मूळ स्थानी येते, तेव्हा बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, बारा छत्र्या तिच्याबरोबर निघतात. अलीकडे गावात म्होरक्यांचे स्मारकही उभे राहिले. जे विद्वान या संघर्षाचे चित्रमय साधन नाही म्हणून हळहळतात, त्यांनी फाल्गुनात तेथे जाऊन यावे.

आता इन्क्विझिशन. 1560 पासून, मधल्या चार वर्षांचा खंड वगळता, 1812 पर्यंत चाललेल्या या न्यायसभेविषयी अ. का. प्रियोळकरांनी ज्या वर्षी गोवा मुक्त झाला त्याच 1961 साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात शार्ल देलाँचे निवेदन दिले; त्यानंतर या विषयावर मराठीत जे लिहिले गेले त्याचा बराच भाग त्याच शिदोरीवर चालला आहे. देलाँ हा फ्रेंच वैद्य, स्वतः कॅथलिक. 1673 मध्ये दमण येथे पकडला गेला, गोव्याच्या कोठडीत पडला, आणि 12 जानेवारी 1676 च्या शिक्षेच्या मिरवणुकीत अनवाणी चालला. त्याचे पुस्तक 1687 मध्ये लायडेन येथे आणि 1688 मध्ये पॅरिस येथे चित्रांसह निघाले. पुढे लिंबोर्कच्या 1692 च्या लॅटिन इतिहासात आणि बर्नार पिकारच्या 1723 पासून निघालेल्या धर्मविधिग्रंथांत इन्क्विझिशनची जी चित्रे आली, त्यांच्या गर्दीत गोवा, लिस्बन आणि माद्रिद एकमेकांत असे मिसळून गेले की ते पुन्हा वेगळे करणे म्हणजे एक स्वतंत्र पेशा होऊन बसावा.

देलाँ सांगतो की शिक्षा झालेल्यांना तीन तऱ्हेचे झगे घालीत : तिरक्या क्रूसाचा पिवळा सांबेनितो, कबुली देऊन जीव वाचवलेल्यांसाठी खाली वळलेल्या ज्वाळांचा, आणि जाळायचे त्यांच्यासाठी सामारा, ज्यावर ज्वाळा व सैतान यांच्यामध्ये त्या माणसाचा स्वतःचा चेहरा, अगदी समोर बसवून काढल्यासारखा, रंगवलेला असे. हे वाचल्यापासून मला पॅरिसच्या कोरणाऱ्यापेक्षा त्या रंगाऱ्याचे कुतूहल अधिक वाटत आले आहे. गोव्यात राहून, गोव्याच्या माणसाचे मुख पाहून, जाळण्यापूर्वी त्याची प्रतिमा काढणारा हा कोण होता? देलाँ म्हणतो, जाळलेल्यांच्या प्रतिमा डॉमिनिकन चर्चमध्ये टांगीत. त्या प्रतिमा गेल्या; उरली ती पॅरिसमधील चित्रे, जी चित्रांवरून नव्हे तर चित्रांच्या वर्णनावरून काढली गेली. म्हणून यांतील चेहरे साक्ष देत नाहीत, आणि तरीही ती कुभांडही नव्हेत, कारण झगे, टोप, मेणबत्त्या आणि रांगेचा क्रम देलाँने जसा सांगितला तसाच त्यांत आहे. नीरक्षीरविवेकाची इतकी तसदी घेण्यास दोन्ही पक्षांचे पुढारी तयार नाहीत, यावर माझा त्यांच्याशी वाद आहे आणि तो चालू राहील.

तांब्यावर कोरून कागदावर छापण्याची विद्या पुण्यास अपरिचित नव्हती. नाना फडणविसांनी तांबटाकडून भगवद्गीता पत्र्यांवर खोदवण्याचे काम येथे आरंभले. ते पुण्यात तडीस गेले नाही, आणि मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 मध्ये ती गीता छापून निघाली. कालोच्या तेजाबाच्या युक्त्या त्या तांबटास ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु उलटे अक्षर पत्र्यावर काढण्याचे अवघड काम त्याने केले. आणि ज्या दौलतीने वसई जिंकली तिच्या राजधानीत असा हात तयार होता, हे मला आजही विलक्षण वाटते.

आजची अवस्था सांगावी तर लाकडी ठशाचे चित्र आणि तांब्याचे चित्र यांतील भेद पत्र्याच्या कडेने कागदावर उठलेल्या दाबाच्या खुणेवरून ओळखता येतो, हेसुद्धा आता पुष्कळ ठिकाणी ग्रंथपाल म्हणवणाऱ्यांना सांगावे लागते. एका जुन्या संग्रहात, ज्याचे नाव मी घेत नाही, सचित्र फ्रेंच ग्रंथाचा कडेने कापलेला कागद माझ्या हाती आला. चित्रे कोणी तरी धारदार पात्याने काढून नेली होती. अशी पाने आता दिवाणखान्यात चौकटीत लागतात, मोबाईलवर फिरतात, आणि लिस्बनच्या मिरवणुकीखाली कोणी बेधडक ‘गोवा’ लिहितो, तर नागासाकीच्या क्रूसांखाली कोणी काहीच लिहीत नाही.