टॉवर नसताना फाइल ठेवायची कुठे?

जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमध्ये विजेपाठोपाठ मोबाइलचं नेटवर्कही गेलं. अशा वेळी बचावपथकाचे फोन वायफायवरून थेट एकमेकांशी जोडता येतात. टॉवर लागत नाही. लांबच्या फोनचा निरोप मधले फोन पुढे ढकलतात. हे ॲड-हॉक नेटवर्क, म्हणजे ऐनवेळी जुळवलेलं जाळं. पण सर्व्हरच नाही, तर अडकलेल्यांची यादी, फोटो ठेवायचे कुठे? त्याच फोनांत. आणि फोन तर माणसांबरोबर फिरणार, चार्जिंग संपून बंद पडणार.

सोपा उपाय नकलांचा. ४ एमबीची फाइल तीन फोनांत ठेवली, की दोन गेले तरी ती शाबूत. जागा मात्र १२ एमबी लागते.

दुसरा उपाय हिशेबाचा. एका फोनात ७, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात त्यांची बेरीज १२ ठेवा. ५ असलेला फोन पाण्यात पडला? १२ मधून ७ वजा करा. रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेली पद्धत याच जातीची, फक्त गणित अवघड. फाइलचे चार तुकडे आणि त्यांवरून काढलेले दोन जादा, असे सहा तुकडे सहा फोनांत. कुठलेही चार हाती आले की फाइल पुरी. जागा ६ एमबी, आणि दोन फोन गेले तरी इथेही निभावतं. ओरखडे पडलेली सीडी वाजायची, ती याच गणिताच्या जोरावर.

घोळ होतो तो पुढे. तुकडे वाटताना आपण हाताशी असलेले फोन निवडतो. पण एकाच होडीतले सहा फोन एकदमच रेंजबाहेर जातात. तीन होड्यांत दोन-दोन ठेवले, तर एक होडी दिसेनाशी झाली तरी चार उरतात.

मग घाई नडते. हरवलेला १ एमबीचा तुकडा नव्याने बनवायला उरलेल्यांतले चार, म्हणजे ४ एमबी, ओढावे लागतात, आणि त्यात बॅटरी खर्ची पडते. फोन बहुधा वळणाआड गेलेला असतो, परत येतो. तेव्हा एक गेला तर जरा थांबावं. दुसराही गेला, की मात्र लगेच कामाला लागावं. तिसरा गेल्यावर फाइल पुरी जुळत नाही.

यादीत नाव वाढलं, की काही फोनांत नवे तुकडे, काहींत जुने. ते मिसळले तर हाती नुसती भेळ. म्हणून प्रत्येक तुकड्यावर आवृत्तीचा क्रमांक हवा, आणि नवे तुकडे पुरेशा फोनांत पोचेपर्यंत जुने पुसू नयेत.

नावांच्या चार ओळींसाठी मात्र हा खटाटोप नको. यादी सहाही फोनांत जशीच्या तशी ठेवा. तुकडे करा ते फोटो-व्हिडिओंचे.