एकच दाब, आठ वेळा

डोंबिवलीहून ठाण्याला शाळेत जायला मी मोटारसायकल वापरतो. शिळफाटा, मुंब्रा बायपास, कळवा आणि मग ठाणे असा माझा रस्ता. बायपासवर पारसिकच्या डोंगराला लागून चढ आहे. एका सकाळी मागे एक सहकारी शिक्षक बसले होते. चढावर मी नेहमीप्रमाणे रेस वाढवली. इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग वाढेना. उलट तो कमीच होत गेला. मागे कंटेनर हॉर्न वाजवत होता. कशीबशी गाडी कडेला घेतली, तेव्हा काहीतरी जळल्याचा वास येत होता.

गॅरेजवाल्या काकांनी गाडीवरून एक चक्कर मारली आणि सांगितले, "सर, क्लच स्लिप होतोय." तिथेच उभ्या असलेल्या एका तरुणाने उपायही सुचवला, "कडक स्प्रिंगा टाका, रेसिंगच्या प्लेटा टाका, विषय संपला!" काका म्हणाले, "रविवारी या. आधी उघडून बघू."

त्या रविवारी दुपारभर मी त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसलो. घर्षणाचा धडा मी अनेक वर्षे शिकवतो आहे. पण त्यातला एक मुद्दा मला त्या दुपारी प्रथमच नीट उमगला. तो आपल्या वर्गातही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

क्लच हवाच कशाला?

पेट्रोलचे इंजिन शून्य गतीपासून ताकद देऊ शकत नाही. ते चालू राहण्यासाठी मिनिटाला हजारएक फेरे तरी फिरत राहावे लागते. सिग्नलला चाक मात्र थांबलेले असते. फिरणारे इंजिन आणि थांबलेले चाक एकदम जोडले, तर इंजिन बंद पडते किंवा गाडी उडी मारते. ही जोडणी हळूहळू करायची, तर मध्ये काहीतरी घसरायला हवे आणि शेवटी ते घट्ट धरायलाही हवे. हे काम क्लच करतो. विजेच्या मोटरला थांबलेल्या अवस्थेतही पुरेशी ताकद देता येते. म्हणून विजेवरच्या स्कूटरला क्लचची गरज पडत नाही.

आत काय असते?

काकांनी आधी तेल काढून टाकले, क्लचची केबल सोडवली आणि इंजिनाच्या बाजूचे झाकण उघडले. आत डब्यासारखी एक बास्केट होती. ती इंजिनाशी दात्यांनी जोडलेली असते. तिच्या मधोमध हब असतो. तो गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर बसवलेला असतो. या दोघांमध्ये दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. अस्तर लावलेल्या चकत्यांना बाहेरच्या कडेला दाते असतात, त्या बास्केटबरोबर फिरतात. साध्या पोलादी चकत्यांना आतून दाते असतात, त्या हबबरोबर फिरतात. सगळ्यांवर एक प्रेशर प्लेट असते आणि चार स्प्रिंगा तिला दाबून धरतात. हातातला क्लच दाबला की प्रेशर प्लेट जरा उचलली जाते, चकत्या सैल होतात आणि इंजिन चाकापासून सुटते. हे सगळे तेलात बुडालेले असते.

माझ्या गाडीत अस्तराच्या चार चकत्या होत्या. प्रत्येकीच्या दोन बाजू धरल्या, तर घासणारे पृष्ठभाग झाले आठ.

आता एक कोडे. घर्षणबल संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे आपण शिकवतो. मग एकाऐवजी चार चकत्या घालून काय मिळवले? पृष्ठभाग वाढला म्हणून पकड वाढली, असे उत्तर मुले देतात आणि खरे सांगायचे तर मीही दिले असते. पण ते चूक आहे. चकती दुप्पट रुंद केली तर तोच दाब दुप्पट जागेवर वाटला जातो, फायदा शून्य. चकत्या एकावर एक रचल्या की मात्र दाब वाटला जात नाही. वरून ८०० न्यूटन बल लावले, तर ते पहिल्या सांध्यावर ८०० असते, दुसऱ्यावर ८०० असते आणि आठव्यावरही ८००च असते. म्हणजे एकच दाब आठ वेळा कामाला येतो. सगळी युक्ती एवढीच आहे.

वर्गात करून पाहा

जाड पुठ्ठ्याच्या सारख्या सात पट्ट्या कापा. चार पट्ट्यांच्या एका टोकाला भोक पाडून त्या दोऱ्याने टेबलाच्या खिळ्याला बांधा. उरलेल्या तीन पट्ट्या दुसऱ्या बाजूने स्प्रिंगकाट्याला अडकवायच्या आहेत. प्रथम बांधलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये एकच सुटी पट्टी ठेवा, वर वीट ठेवा आणि काटा ओढा. पट्टी सरकू लागते तेव्हाचे माप लिहून घ्या. येथे घासणारे पृष्ठभाग दोन आहेत. मग एकाआड एक रचत दोन सुट्या पट्ट्या घाला, म्हणजे पृष्ठभाग चार होतील. तीन घातल्या की सहा. वीट तीच असूनही माप जवळजवळ दुप्पट, तिप्पट होते. आता वीट आडवीऐवजी उभी ठेवून पुन्हा मोजा. फारसा फरक पडत नाही. क्षेत्रफळ आणि पृष्ठभागांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना हाताने कळते.

थोडे गणित

क्लच किती टॉर्क, म्हणजे किती फिरवणारी ताकद, पेलू शकेल हे चार संख्यांच्या गुणाकाराने मिळते: पृष्ठभागांची संख्या, घर्षणांक, स्प्रिंगांचे एकूण बल आणि चकतीची सरासरी त्रिज्या. लहान मोटारसायकलसाठी अंदाजाने ८ पृष्ठभाग, तेलातला घर्षणांक ०.१२, बल ८०० न्यूटन आणि त्रिज्या ०.०४५ मीटर धरू. उत्तर येते सुमारे ३४.६ न्यूटन-मीटर. इंजिनाचा टॉर्क ८ न्यूटन-मीटर असेल आणि क्लचपर्यंत येताना दात्यांच्या चाकांमुळे तो साडेतीनपट होत असेल, तर क्लचवर २८ न्यूटन-मीटर येतात. ३४.६ हे २८ पेक्षा जास्त आहेत, म्हणून क्लच धरतो.

आता स्प्रिंगा जुन्या होऊन त्यांचे बल ७०० न्यूटनवर आले, तर क्षमता ३०.२ होते. थोडक्यात निभावते. चकत्यांचे अस्तर झिजले की स्प्रिंगा कमी दाबल्या जातात, त्यामुळेही बल कमी होते. क्षमता २८ च्या खाली गेली, की जिथे इंजिन पूर्ण जोर लावते तिथे, म्हणजे चढावर आणि जास्त वजन असताना, क्लच घसरू लागतो. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते, म्हणून बिघाड लवकर लक्षात येत नाही.

उघडल्यावर काय दिसले?

काकांनी स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडेथोडे ढिले केले. एकच बोल्ट पूर्ण काढला तर प्लेट तिरकी होऊन तडकू शकते. मग मी दप्तरातून व्हर्निअर कॅलिपर काढला. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात चकतीची नवी जाडी आणि झिजेची मर्यादा दिलेली असते. अस्तराच्या चकत्या मर्यादेच्या जराशा आत होत्या, पण काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. पोलादी चकत्यांवर निळसर डाग होते; पोलाद फार तापल्याची ती खूण. काचेच्या तुकड्यावर ठेवल्यावर दोन चकत्या डुगडुगल्या, म्हणजे त्या वाकल्या होत्या. स्प्रिंगा मूळ लांबीपेक्षा थोड्या आखूड भरल्या. बास्केटच्या खाचांना मात्र खड्डे पडलेले नव्हते. पडले असते, तर चकत्या त्यात अडकून क्लच नीट सुटला नसता.

मग काकांनी काढलेले तेल बोटांवर चोळले आणि विचारले, "सर, तेल कुठलं टाकलंत?"

मेव्हण्याच्या मोटारीचे तेल बदलल्यावर डब्यात लिटरभर उरले होते. महागडे होते, वाया कशाला घालवायचे म्हणून मी ते गाडीत ओतले होते. चूक माझीच होती. मोटारीचा क्लच इंजिनाच्या तेलात बुडालेला नसतो. त्यामुळे पेट्रोल वाचवण्यासाठी मोटारीच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. मोटारसायकलीत तेच तेल क्लचलाही भिजवते. याच कारणाने जपानमध्ये १९९८ साली चौस्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी वेगळे मानक ठरले. ओल्या क्लचसाठी योग्य तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' असे छापलेले असते. 'एमबी' तेल कमी घर्षणाचे असते, ते अशा क्लचसाठी नाही.

घर्षणांक ०.१२ वरून ०.०९ झाला असे धरून गणित पुन्हा करा. जुन्या स्प्रिंगांनी क्षमता २२.७. नव्या मूळ स्प्रिंगा घातल्या तरी २५.९, म्हणजे घसरणे चालूच! आणि त्या तरुणाच्या सांगण्याप्रमाणे २० टक्के कडक स्प्रिंगा घातल्या असत्या तर? ३१.१. क्लच धरला असता, मी खूश झालो असतो आणि खरे कारण तेलातच लपून राहिले असते.

सुधारणा करायचीच असेल तर

कडक स्प्रिंगांची किंमत हाताला मोजावी लागते. स्प्रिंग २० टक्के कडक, तर दर वेळी क्लच दाबायलाही तेवढाच जास्त जोर. शिळफाट्याच्या कोंडीत रोज शेकडो वेळा क्लच दाबणाऱ्याला हे मनगटाचे दुखणे आहे. क्लचची दांडी लांब करून जोर कमी करता येतो, पण तरफेच्या नियमाने प्रेशर प्लेट तेवढी कमी उचलली जाते.

दुसरा मार्ग चकती वाढवण्याचा. ठाण्याच्या शेजारी भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कारखान्यात १९५० च्या दशकापासून लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होत. तिच्या क्लचमध्येही अस्तराच्या चार चकत्या असत. इंजिनाची ताकद वाढवणारे हौशी लोक त्या जागी पातळ अशा पाच चकत्या बसवतात. आठाचे दहा पृष्ठभाग झाले, म्हणजे पकड २५ टक्के वाढली आणि हाताला जास्त जोरही नाही. पण फुकट काहीच मिळत नाही. प्रेशर प्लेट दीड मिलिमीटर उचलली जात असेल, तर आठ फटींत प्रत्येकी ०.१९ मिलिमीटर येते, दहा फटींत ०.१५. क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल सापडत नाही.

अस्तरही बदलत आले आहे. जुन्या गाड्यांत बुचाचे अस्तर असे. पुढे ॲस्बेस्टॉसही वापरले गेले. त्याचे तंतू फुप्फुसात साठून गंभीर आजार होतात. म्हणून अस्तर ॲस्बेस्टॉसविरहित असल्याचे पाहून घ्यावे आणि ब्रेकचा कोरडा भुगा गॅरेजातल्या पोरांना हवेने उडवू देऊ नये.

माझ्या गाडीला मूळ मापाच्या चकत्या आणि स्प्रिंगा बसवल्या. नव्या चकत्या आधी योग्य तेलात भिजवून ठेवल्या. बोल्ट पुन्हा समोरासमोरचे आवळले आणि दांडीच्या टोकाशी बोटाएवढी ढिलाई ठेवली. ही ढिलाई नसेल, तर केबल प्रेशर प्लेटला सतत थोडी उचलून धरते आणि नवा क्लचही घसरतो.

उष्णता कुठून आली?

चकत्या निळ्या पडण्यात माझ्या सवयीचाही वाटा होता. सरकत्या पट्ट्यावर पोते ठेवले, तर ते पट्ट्याचा वेग घेईपर्यंत पट्टा पोत्याच्या दुप्पट अंतर जातो. घर्षणबल दोघांवर सारखेच. म्हणून पट्ट्याने केलेल्या कामातले निम्मेच पोत्याला गतिज ऊर्जा म्हणून मिळते आणि निम्म्याची उष्णता होते. क्लचचेही तसेच. इंजिनाची गती स्थिर धरली, तर क्लच कितीही हळुवार सोडा, गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच उष्णता चकत्यांत निर्माण होते. माणसांसह २५० किलोची गाडी ताशी १० किलोमीटरला पोचेपर्यंत सुमारे १००० ज्यूल. असे १६० वेळा थांबून निघालो, तर त्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी उकळू लागेल.

ही उष्णता टाळता येत नाही. पण पुलाच्या चढावर कोंडीत ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे टाळता येते. विसास एक अशा चढावर तीच गाडी धरायला सुमारे २५० वॅट खर्च होतात आणि गाडी जागची हलत नसल्याने त्या सगळ्याची उष्णताच होते. अर्ध्या मिनिटात ७५०० ज्यूल, म्हणजे सात-आठ वेळा निघण्याइतकी झीज!

आता चढावर मी ब्रेक धरतो. मुंब्रा बायपासवर गाडी पूर्वीसारखी चढते. आणि वर्गात घर्षणाचा धडा आला, की काकांनी दिलेली ती निळसर चकती मुलांच्या हातात देतो. ती निळी का झाली, हा पहिला प्रश्न मुलेच विचारतात.