खडूच्या रंगांत माणसाचा चेहरा

गणेशोत्सवाच्या आराशीत एखाद्या मुलाने बरासा हत्ती रंगवला, की लोक त्याला लगेच म्हणतात, "आता माझं चित्र काढ बघू!" आणि तिथेच त्याचे घोडे अडते. हत्तीची सोंड बोटभर लांब झाली तर हत्ती तक्रार करीत नाही, पण तुमचे नाक जरासे चुकले की घरची माणसे विचारतात, "हा कोण पाहुणा?" मग चेहरा शिकायचा तर कोणत्या रंगांत शिकावा? माझे म्हणणे असे, की पेस्टलमध्ये शिकावा. जलरंगात कागद ओला आहे तोवर हात उरकावा लागतो, तैलरंगात वाळायची वाट पाहावी लागते. पेस्टलला वाळणेच नाही. समोर बसलेली आजी "दूध काढून येते रे" म्हणून उठली आणि तासाभराने परत आली, तरी चित्र होते तिथून पुढे चालू.

मात्र मंडळी, आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांकडे जी पेटी असते ती बहुधा ऑइल पेस्टलची. त्यात मेण आणि तेल असते. ते रंग चिकट, आणि एकावर एक फार थर घेत नाहीत. मी बोलतो आहे ते सॉफ्ट पेस्टलविषयी. रंगाची पूड, थोडी खडूची पूड आणि नावापुरता डिंक, बस्, एवढेच. कांडी हातात घेतली की बोटांना रंग लागलाच पाहिजे.

युरोपात ह्या रंगांचा बोलबाला झाला अठराव्या शतकात. व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा ही बाई 1720 साली पॅरिसला गेली आणि तिने तिथल्या बड्या मंडळींना पेस्टलचे वेडच लावले. पुढे मॉरिस कांतां द ला तूर ह्याने राजदरबारातले चेहरे ह्याच रंगांत काढले. मादाम द पोंपादूर हिचे त्याने 1755 मध्ये पुरे केलेले चित्र पुरुषभर उंचीचे आहे; पण चेहरा त्याने वेगळ्या कागदावर काढला आणि मग मोठ्या चित्रात बसवला. किती व्यवहारी युक्ती, पाहा!

मला मात्र ह्या साऱ्यांत जवळचा वाटतो तो जाँ सिमेआँ शार्दां. जन्म 1699 चा. आयुष्यभर त्याने तैलरंगांत स्वयंपाकघरातली भांडी, फळे, घरकाम करणाऱ्या बाया रंगवल्या. सत्तरीच्या सुमारास डोळे अधू झाले, तैलरंग सोसवेनात. गृहस्थ घरी बसला नाही. त्याने पेस्टलच्या कांड्या हाती घेतल्या आणि तोवर क्वचित काढलेला विषय धरला: माणसाचा चेहरा. पहिली बैठक आरशासमोर, स्वतःचीच. 1775 साली त्याने डोळ्यांवर झापड बांधलेले स्वतःचे आणि सोबत आपल्या बायकोचे चित्र काढले. दोन्ही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्या चेहऱ्याजवळ जाऊन पाहिले तर रंग घोटून गुळगुळीत केलेला नाही. वेगवेगळ्या रंगांच्या रेघा शेजारी शेजारी उभ्या आहेत. चार पावले मागे सरा, की त्यांचीच कातडी होते.

आता तुम्ही म्हणाल, पॅरिसची गोष्ट ठीक, पण आमच्या तालुक्याच्या गावी ह्या कांड्या मिळायच्या कुठे? मिळतात शहरात, आणि चांगल्या पेटीला पैसे पडतात हेही खरे. पण चेहऱ्यासाठी लागणारे निम्मे रंग आपल्या पायाखालचेच आहेत. गेरू, काव, पिवडी, कोळसा आणि रंगाच्या दुकानातली पांढरी खडूची पूड. डिंक-कतीरा चिमूटभर घेऊन पेलाभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी त्याचा बुळबुळीत रस होतो, तो पाणी घालून पातळ करा. वस्त्रगाळ केलेला गेरू त्यात कणकेसारखा मळा आणि लोळीचे दोन भाग करा. एका भागाच्या कांड्या वळा. दुसऱ्यात तेवढीच पांढऱ्या पुडीची लोळी मिसळा, पुन्हा दोन भाग करा, पुन्हा कांड्या वळा. असे चारपाच वेळा केले की गडद गेरूपासून फिकट गुलाबीपर्यंत छटांची ओळच तयार होते. सावलीत वाळवा. कांडी दगडासारखी झाली तर डिंक जास्त झाला, हातात भुगा झाला तर कमी. गेरू-पिवडीला मुळातच चिकटपणा असतो, म्हणून तिथे डिंक अगदी बेताचा. पूड कोरडी उडवू नका, नाकाला फडके बांधा आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

कागद खरखरीत हवा. गुळगुळीत कागदावर रंगाची पूड ठरत नाही. हातकागद उत्तम. पांढरा घेण्यापेक्षा राखी किंवा मातकट रंगाचा घ्यावा, म्हणजे मधली छटा कागदच पुरवतो आणि तुम्हाला फक्त त्याहून गडद काय अन् उजळ काय एवढेच पाहायचे राहते.

रेखाटनाचे फार पाल्हाळ लावीत नाही. एक चूक मात्र शंभरातले नव्वद जण करतात: डोळे फार वर काढतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत दोरी धरून पाहा, डोळे बरोबर मध्यावर येतात. लहान मुलाचे तर मध्याच्याही खाली. कपाळ आणि केस ह्यांना आपण फारशी किंमत देत नाही, म्हणून ते कागदावर आखडतात. कान साधारण भुवईच्या रेघेपासून नाकाच्या बुडापर्यंत. एवढे कोळशाने हलके मांडले की पापण्या मोजत बसू नका. डोळे किलकिले करा. नाक, डोळा, ओठ दिसेनासे होतील आणि राहतील ते अंधाराचे आणि उजेडाचे तुकडे. आधी अंधाराचे तुकडे लावा, मग मधले, सर्वांत उजळ टिंब शेवटी. ओळख पटते ती ह्या तुकड्यांवरून. दूर बांधावरून येणारा माणूस नाकडोळे दिसण्याआधीच आपण ओळखतो की नाही?

आता रंगाचे. आपल्याकडे खरी कसोटी इथे आहे. पेटीत एक फिकट गुलाबी-नारिंगी कांडी असते. मुले तिला 'स्किन कलर' म्हणतात. वर्गातल्या चाळीस मुलांत त्या रंगाचे मूल एखादे निघाले तर निघाले; पण चाळीसही चित्रांतल्या आया त्याच रंगाच्या. ज्या आईला मूल रोज पाहते तिचा रंग ते पेटीवर वाचून ठरवते. गुरुजी, ती कांडी महिनाभर टेबलाच्या खणात कुलपात ठेवा!

मग सावळ्या माणसाला ओसरीवर असे बसवा, की उजेड एका बाजूने, मोकळ्या आभाळाचा येईल, ऊन नको. नीट पाहा. कपाळावर जिथे चकाकी आहे तिथे रंग तपकिरी नाही, निळसर राखी आहे, कारण तिथे आभाळ उतरले आहे. गालाला, नाकाच्या शेंड्याला आणि कानाला विटकरी तांबूस झाक आहे. दाढी केलेल्या हनुवटीवर करडी-हिरवट. हनुवटीखाली अंधार खरा, पण लुगडे हिरवे असेल तर त्या अंधारात हिरवा उजेड खालून चढलेला दिसेल. ह्या अंधाराला काळी कांडी लावली की चेहऱ्याला भोक पडते. गडद तपकिरीवर जांभळा किंवा गडद हिरवा चढवावा. सावळ्या कातडीवर उजेडाचे ठिपके अधिक ठळक उठतात, म्हणून मला तर गोऱ्या चेहऱ्यापेक्षा सावळा चेहरा रंगवायला अधिक रसाचा वाटतो.

बोटाने घोटण्याची हौस सुरुवातीला सर्वांनाच असते. थोडे घोटा, सावलीत घोटा. सगळा चेहरा घोटलात तर माणूस मेणाच्या बाहुलीसारखा दिसू लागेल. फोटोवरून काढू का, असेही पुष्कळजण विचारतात. मोबाईलवर प्रत्येकाचा फोटो आहे, सोय मोठी आहे. पण फोटोतली सावली पुष्कळदा नुसतीच काळी असते, तिच्यातला हिरवा उजेड तिथे सापडत नाही. आधी दहा माणसे समोर बसवून काढा, मग खुशाल फोटो घ्या. बसणाऱ्याला वीस मिनिटांनी उठू द्यावे आणि त्याच्याशी बोलत राहावे. गप्प बसवलेल्या माणसाचा चेहरा ओढल्यासारखा होतो.

चित्र झाले म्हणजे मात्र जपणूक आली. पूड कागदावर नुसती टेकलेली असते. फवारा मारून ती पक्की करता येते, पण त्याने उजळ रंग काळवंडतात. त्यापेक्षा काचेची चौकट बरी. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालावी. प्लॅस्टिकची काच नको, ती पूड ओढून घेते. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर टांगलेत तर डिंक आणि कागद ह्यांवर बुरशी धरेल. आणि बसलेल्या माणसाचे नाव, गाव, तारीख कागदाच्या मागे पेन्सिलीने चित्राला हात घालण्यापूर्वीच लिहून ठेवा. मागाहून उलटे करून लिहायला गेलात तर पेन्सिलीच्या दाबाने पुढचा रंग झडतो.