ऐकलेले वाडे, पाहिलेली जोती

बृहन्महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांतून महाराष्ट्र आधी ऐकला जातो. तो पाहण्याचा योग फार उशिरा येतो. आमच्या घराण्याला इंदुरास येऊन सहा पिढ्या लोटल्या. शनिवारवाड्याचे पाच दरवाजे आम्हांस लहानपणापासून ओळीने म्हणून दाखवता येत, परंतु घरातील निम्म्याअधिक माणसांनी वयाची पन्नाशी उलटेपर्यंत पुणे पाहिले नव्हते. अशा माणसांची पहिली वारी बहुधा हिरमोडाची होते. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेकडे निघणारी कुटुंबे आम्हांस विचारतात, "काय काय पाहावे?" आणि परत आल्यावर तीच कुटुंबे सांगतात, "तिथे पाहण्यासारखे काही उरलेच नाही हो!" या तक्रारीत तथ्य आहे. तथापि ती जशी केली जाते तशी ती पुरती खरी नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या अपेक्षा एवढ्या चढलेल्या का असतात? एक तर आम्ही इतिहास वाचून मोठे झालो. रियासतकार सरदेसाई बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी असतानाच त्यांच्या मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ साली निघाला, ही गोष्ट बडोदेकर मंडळी अजून अभिमानाने सांगतात. ऐतिहासिक कादंबऱ्या, नाटके, भिंतीवरच्या दिनदर्शिका यांनी त्यात रंग भरले. परंतु याहून मोठे कारण आमच्या डोळ्यांसमोरच उभे असते. इंदूरकर दररोज भाजी आणायला जाताना होळकरांचा सातमजली राजवाडा पाहतो. ग्वाल्हेरकरांना १८७४ सालचा जयविलास आहे, बडोदेकरांना १८९० सालचा लक्ष्मीविलास. सरदारांच्या वाड्यांचा हा थाट, तर धन्याचा वाडा केवढा असेल, असे गणित मनाशी नकळत मांडले जाते.

ते गणित चुकते, कारण या दोन्ही इमारती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. संस्थाने टिकली आणि त्यांचे राजवाडे वाढत गेले. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि तिच्या वाड्यांना वालीच राहिला नाही. शिवाय शनिवारवाडा मुख्यतः लाकडाचा. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पहिल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या जंगलातले, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा. खर्च १६,११० रुपये. पुढच्या पेशव्यांनी त्यात मजले, चौक आणि कारंजी वाढवली. १७९१, १८०८ आणि १८१२ साली आगी लागल्या, त्या निभावल्या. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग मात्र आठवडाभर धुमसत राहिली, असे सांगतात. लाकडाचे सारे जळून गेले. दगडाची जोती, तटबंदी, बुरूज आणि दरवाजे तेवढे राहिले.

हे सारे पुस्तकात वाचलेले असते. तरीही दिल्ली दरवाजाच्या अणकुचीदार खिळ्यांनी दडपलेले मन आत पाऊल टाकते, आणि समोर हिरवळ, फुलझाडांचे ताटवे आणि गुडघाभर उंचीच्या दगडी ओळी दिसतात, तेव्हा प्रत्येकाचा चेहरा पडतो. आमच्या नातवाने तर इंदुरी बोलीत विचारलेच, "बस, इतकंच?"

त्या खेपेस आमच्याबरोबर आमच्या एक आत्याबाई होत्या. वय ब्याऐंशी. सासरी ग्वाल्हेर, माहेर इंदूर. नर्मदेच्या दक्षिणेला पाऊल पडले ते त्याच वेळी. प्रवासाचे पैसे त्यांनी स्वतः साठवले होते आणि मुलांकडून दमडीही घेतली नव्हती. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ साली पुरे केलेले पेशव्यांच्या दरबाराचे जे प्रसिद्ध चित्र आहे, त्याची एक छापील प्रत त्यांच्या माहेरच्या ओसरीवर होती. १७९० च्या तहाचा प्रसंग, सवाई माधवराव, शेजारी नाना फडणीस, आणि भोवती गणपती रंगमहालाचे कोरीव खांब. आत्याबाईंना तो रंगमहाल पाहायचा होता. त्यांनी तिथल्या वाटाड्याला विचारले, "गणपती रंगमहाल कोणत्या अंगाला?" आमचे आपापसातले हिंदीमिश्रित बोलणे त्याने ऐकले असावे. हिरवळीकडे हात करून तो म्हणाला, "वो सब तो जल गया, माताजी."

आत्याबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, मराठीत सांगा. आम्ही इथलेच."

आमच्या मते वाडा जळाल्याचे दुःख त्यांना तितकेसे झाले नाही. तो जळाला हे त्यांना ठाऊक होतेच. ज्या गावाला मनाने माहेर मानले त्या गावात पाहुणे म्हणून, तेही परभाषेत, स्वागत व्हावे हे त्यांना लागले. वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव आला असेल. पुण्याच्या रिक्षावाल्यापासून पेढीवरच्या वाणीपर्यंत, आमचा हेल ऐकताच समोरचा हिंदीत शिरतो. त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, आमच्या तोंडी हिंदी शब्द आहेतच. परंतु त्याने मन खट्टू होते हेही खरे.

वाटाड्याविषयी मात्र आमची तक्रार आहे. पाऊण तासात त्याने नारायणरावांच्या खुनाची, 'ध'चा 'मा' केल्याची आणि पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या हाकांची कहाणी तीनदा रंगवली. ३० ऑगस्ट १७७३ चा तो खून खराच आहे, आणि भयंकरही आहे. पण हजारी कारंज्याची सोळा पाकळ्यांची रचना, पाण्याची व्यवस्था, दरवाजाच्या आतल्या भिंतीवरची पुसट झालेली चित्रे यांच्याकडे त्याने बोटही दाखवले नाही. ती चित्रे आम्हीच मुलांना शोधून दाखवली. जळक्या वाड्यात अजून रंग शिल्लक आहे, हे पाहून नातवाची कळी थोडी खुलली.

यापुढे जे सांगतो ते पुण्यास निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावे. शनिवारवाडा पाहून तसेच उपाहारगृहाची वाट धरू नये. थेट विश्रामबागवाड्याकडे जावे. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभारलेला हा वाडा भर वस्तीत आहे. त्याचा सागवानी दर्शनी भाग, सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आणि वर केळफुलांची नक्षी पाहिली म्हणजे शनिवारवाड्याच्या त्या मुक्या जोत्यांवर काय उभे असेल याची कल्पना येते. सवड असल्यास वाईजवळ मेणवलीस जावे. कृष्णेच्या काठी नाना फडणिसांचा वाडा तिथे आजही उभा आहे, घाट आहे, चौकाचौकांतून भिंतींवर चित्रे आहेत. आणि घाटावरच्या देवळाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे, ती चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयातून आलेली, पोर्तुगीज घडणीची. आत्याबाई मेणवलीच्या चौकात चप्पल काढून बसल्या, त्या तासभर उठेनात. खांबाला हात लावून म्हणाल्या, "हे चित्रातले."

एक अवांतर गोष्ट. वाडे जळाले, पण कागद वाचले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी रुमालांचे ढीग आहेत, आणि त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड त्याच सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादून छापले. कुणाच्या घरी जुनी मोडी पत्रे ट्रंकेत पडली असतील, तर वाळवीच्या स्वाधीन करण्याआधी जाणत्याला दाखवावीत. आमच्या आजोबांच्या ट्रंकेचे काय झाले ते आता विचारू नये.

रायगडाविषयी थोडक्यात सांगतो. तेथेही मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आणि आगीने राजवाड्याची राख केली, म्हणून सिंहासन पाहू म्हणून जाणारा निराश होतो. परंतु आमचे मत असे की रायगडावर हिरमोड होतो तो बहुधा १९९६ पासून सुरू झालेल्या रज्जुमार्गाने जाणाऱ्यांचा. चार-पाच मिनिटांत वर पोचलेल्या मुलाला गड म्हणजे माळरान वाटते. जे पायऱ्या चढून, धापा टाकीत महादरवाजातून आत येतात त्यांना अशी तक्रार करताना आम्ही ऐकले नाही. वृद्धांसाठी पाळणा ही मोठीच सोय आहे. तरण्यांनी निदान चढताना तरी पायी जावे. जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीने आपले नाव कोरून ठेवले आहे, ते वाकून वाचावे.

पानिपताची गोष्ट निराळी. 'पानिपत झाले' हा वाक्प्रचार आम्ही इतक्या सहज वापरतो की ते दिल्लीच्या उत्तरेला सुमारे नव्वद किलोमीटरवरचे, हातमागाच्या चादरी आणि घोंगड्यांचे गजबजलेले गाव आहे, हे प्रत्यक्ष पोचेपर्यंत ध्यानात येत नाही. काला आंब नावाच्या जागी कुंपणात विटांचा एक स्तंभ आहे. ज्या आंब्यावरून हे नाव पडले तो केव्हाच गेला. भोवती शेते. १४ जानेवारी १७६१ रोजी इथे एका दिवसात महाराष्ट्रातल्या घरोघरची माणसे पडली, सदाशिवराव भाऊ आणि विश्वासराव पडले, आणि पाहायला एक स्तंभ! आमच्याबरोबरचे एक गृहस्थ रागावून गाडीत जाऊन बसले. आम्हांस मात्र तिथे अधिक काही असावे असे वाटले नाही. गव्हाची कोवळी शेते वाऱ्यावर हलत होती आणि मैदानाला कुठे टेकडी नाही, ओढा नाही, आडोसा नाही. हरलेल्या सैन्याला पळायला जागा का सापडली नसेल, हे पुस्तकातून कळले नव्हते ते तिथे उभे राहिल्यावर कळले.

कानपूरजवळचे बिठूर त्याहूनही रिते. दुसरे बाजीराव १८१८ नंतर वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर तिथे राहिले आणि १८५१ साली तिथेच वारले. नानासाहेबांचा वाडा इंग्रजांनी जुलै १८५७ मध्ये जाळला, आणि डिसेंबरात परत येऊन उरलेला जमीनदोस्त केला. विहीर उपसून सोन्याचांदीची भांडी नेली. आता तेथे उद्यान आहे. गंगेचा घाट सुंदर आहे, संध्याकाळी तेथे बसावे. वाडा शोधू नये.

शेवटी, आमच्या घराजवळचे एक ठिकाण सुचवतो. तेथे अपेक्षा ठेवून कोणी जातच नाही. इंदूरहून मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून सनावदमार्गे रावेरखेडीला एका दिवसात जाऊन येता येते. २८ एप्रिल १७४० रोजी वयाच्या चाळिशीच्या आत पहिले बाजीराव तिथे नर्मदाकाठी, छावणीत वारले. शनिवारवाडा बांधणाऱ्याची समाधी ही: भिंतींनी बंदिस्त केलेले आवार, मध्ये दगडी चौथरा, आणि पलीकडे नदी. महेश्वर धरणाच्या योजनेमुळे ही जागा पाण्याखाली जाण्याची भीती कित्येक वर्षे लोक बोलून दाखवत आले आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी आवारात आमच्याखेरीज गावातली दोन मुले होती. त्यांना बाजीराव कोण हे पक्के ठाऊक होते, आणि ते त्यांनी निमाडी बोलीत आमच्या नातवाला समजावून सांगितले.

पुण्यतिथीला जायचे असल्यास एप्रिलअखेरचे निमाडातले ऊन ध्यानात घ्यावे. पहाटेस निघावे, पाणी आणि दशम्या बरोबर ठेवाव्यात. जवळपास खायला मिळेल या भरवशावर राहू नये. वृद्धांना नेताना एक सतरंजी असावी. आत्याबाईंसाठी आम्ही नेली होती, ती उपयोगी पडली.