सनद कुठे राहिली? मुंबई आणि अमेरिकेतली इंग्रज वसाहत



"पोर्तुगिजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली" हे वाक्य मुलांना तोंडपाठ असतं. पण पुढे विचारा, मग तिथं कायदा कोण करायचं? कर कोण ठरवायचं? की वर्ग गप्प! आज याच प्रश्नांकडे बघू, आणि सोबत अमेरिकेतली एक इंग्रज वसाहत ठेवू. दोन्ही शेजारी ठेवल्या की नागरिकशास्त्रसुद्धा सोपं होतं.

आधी काळ पक्का करू

१६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्तेखानाविरुद्ध चाकणचा संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला. आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण भागातल्या मुलांना हे माहीत असतं. त्याच्या पुढच्याच वर्षी, २३ जून १६६१ रोजी, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा तह झाला. त्यात मुंबई बेट राजाला मिळालं. म्हणजे हा सगळा शिवकाळच, हे मुलांना आवर्जून सांगा.

कागदावर मिळालेलं बेट हातात यायला मात्र साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला. पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात. राजाने पाठवलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकला आणि तिथेच वारला. त्याच्या बऱ्याचशा सैनिकांचाही आजारांनी बळी घेतला. शेवटी त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा घेतला. खर्च जास्त, उत्पन्न कमी! राजाने २७ मार्च १६६८ च्या सनदेने बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं किती? वर्षाला १० पौंड, तेही सोन्यात.

सनद म्हणजे काय?

सनद म्हणजे राजाने दिलेला लेखी अधिकार. या सनदेने कंपनीला मुंबईत कायदे करायचा, न्याय द्यायचा आणि फौज ठेवायचा हक्क मिळाला. गंमत बघा, मुंबई कंपनीला दिली ती इंग्लंडमधल्या 'ईस्ट ग्रीनिच' या शाही जहागिरीच्या धर्तीवर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया (१६०६) आणि मॅसॅच्युसेट्स बे (१६२९) यांच्या सनदांतही हेच शब्द आहेत. कागद जवळजवळ एकाच साच्यातले. मग कारभार इतका वेगळा कसा झाला?

सनद बोटीतून गेली

मॅसॅच्युसेट्सची सनदसुद्धा एका कंपनीलाच मिळाली होती. पण तिचे प्रमुख भागधारक स्वतःच तिकडे राहायला निघाले. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली ते निघाले आणि सनद सोबत घेऊन गेले! कंपनीची सर्वसाधारण सभा बोस्टनला भरू लागली आणि हळूहळू तीच वसाहतीची विधानसभा बनली. रहिवासी आपला गव्हर्नर निवडू लागले. व्हर्जिनियात तर १६१९ मध्येच निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा भरली होती.

इथे एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये मत फक्त चर्चचे सभासद असलेल्या पुरुषांना होतं. बायकांना नव्हतं. आणि ज्यांची ती जमीन मुळात होती, त्या मूळ रहिवाशांना या कारभारात जागाच नव्हती.

मुंबईची सनद लंडनलाच

मुंबईचे मालक मात्र लंडनमध्ये बसलेले. गव्हर्नर तेच नेमणार. इथले कोळी, भंडारी, कुणबी, ख्रिस्ती, व्यापारी यांच्यापैकी कोणी कंपनीचा भागधारक नव्हता, म्हणून कोणाला मतही नव्हतं.

कारभार वाईटच होता असं नाही. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने (१६६९ ते १६७७) न्यायालय सुरू केलं, जमीनदारांशी करार केला आणि जातीजमातींच्या पंचायतींना आपापसातले तंटे मिटवायची मुभा दिली. दीवचा व्यापारी निमा पारख याने मुंबईत येण्याआधी आपला धर्म पाळायची हमी मागितली, ती त्याला मिळाली. पण हमी मिळणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. हमी देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

कंपनीने खर्चात कपात केली, तेव्हा तक्रार मांडायला सभाच नव्हती. डिसेंबर १६८३ मध्ये रिचर्ड केग्विन या लष्करी अधिकाऱ्याने बंड केलं, डेप्युटी गव्हर्नरला कैद केलं आणि "आम्ही राजाचे, कंपनीचे नाही" अशी भूमिका घेतली. त्याने संभाजी महाराजांशी स्वतंत्र बोलणीही केली. जवळजवळ वर्षभर त्याने बेट सांभाळलं आणि नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर ते परत दिलं. त्याच १६८४ साली मॅसॅच्युसेट्सची सनद लंडनच्या न्यायालयाने रद्द केली. म्हणजे सनदेने मिळालेली सत्ता सनदेबरोबर जाऊही शकते.

मुंबईच्या करदात्यांना आपले नगरसेवक निवडायचा अधिकार मिळाला तो १८७२ च्या कायद्याने. म्हणजे १६६८ पासून तब्बल २०४ वर्षांनी! तोही कर भरणाऱ्यांपुरताच.

आपल्या गावाशी जोडून बघा

आपल्या शहराचाही स्थापनेचा कागद आहे. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं, ते सरकारने नेमलेलं. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, ती लोकांनी निवडायची. एमआयडीसीचं मंडळही सरकारच नेमतं. मुलांना घरी हे विचारायला सांगा:

१. आपला घरपट्टीचा कर कोण घेतं?
२. बाबा किंवा आई जिथे कामाला जातात तिथला रस्ता कोणाचा, महापालिकेचा, ग्रामपंचायतीचा की एमआयडीसीचा?
३. यातलं कोण आपल्या मताने निवडलं जातं आणि कोण नेमलं जातं?
४. काम झालं नाही तर जाब कोणाला विचारायचा?

पालकहो, उत्तर पटकन सांगू नका. घरपट्टीची पावती काढा आणि मुलांना वाचू द्या. पावतीवर कोणाचं नाव आहे आणि त्यांना निवडतं कोण, हे ज्याला कळलं, त्याला १६६८ ची सनदही कळली.