ज्वाळेत फिरणारे पाते

आधुनिक जेट विमानाच्या इंजिनात ज्वलनकक्षातून बाहेर पडणारा वायू 1500 अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असतो. हा वायू ज्या पात्यांवर आदळून टर्बाइन फिरवतो, ती पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात आणि तो मिश्रधातू सुमारे 1350 अंशांना वितळतो! मग पाते टिकते तरी कसे?

‘आतून हवा खेळवून’ हे झाले निम्मे उत्तर. पाते पोकळ असते. त्याच्या आतून तुलनेने गार हवा फिरते आणि बारीक छिद्रांतून बाहेर पडून पात्याभोवती पांघरुणासारखी पसरते. शिवाय पात्यावर झिर्कोनियाचा पातळ उष्णतारोधक थर दिलेला असतो. एवढे करूनही खुद्द धातू 1000 अंशांच्या आसपास तापतोच. खरी गंमत येथून पुढे आहे.

एक उदाहरण सोडवून पाहा. पात्याचे वस्तुमान 200 ग्रॅम, फिरण्याची त्रिज्या 40 सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला 10,000 फेरे धरा. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार करा. (कोनीय वेग रेडियनमध्ये घ्या, माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुले तेथेच अडखळतात.) उत्तर सुमारे 88,000 न्यूटन येईल. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या, नारिंगी तापलेल्या पात्याला नऊ टन वजनाइतकी ओढ!

एवढ्या ओढीने पाते एकदम तुटत नाही, पण हळूहळू लांबू शकते. पात्याचे टोक आणि बाहेरचे कवच यांत जेमतेम मिलिमीटरभर अंतर असते, तेव्हा लांबणेही परवडत नाही. स्थिर ओढीखाली धातूच्या अशा सावकाश लांबण्याला विसर्पण म्हणतात. ते तुम्हांला घरीही पाहता येईल. रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात ती शिसे-कथलाची, मिलिमीटरभर जाडीची डाखाची तार घ्या. मीटरभर तारेला एक किलोचे वजन टांगा. शेजारी तेवढ्याच जाडीची तांब्याची तार तेवढेच वजन देऊन टांगा. आमच्या प्रयोगशाळेत टेबलापासून चार बोटे वर टांगलेले वजन दुसऱ्या दिवशी टेबलाला टेकलेले होते. तांब्याची तार मात्र होती तशीच. (शिशाला हात लावल्यावर हात स्वच्छ धुवायला विसरू नका.)

असा फरक का पडतो? तापमाने केल्व्हिनमध्ये मांडा. डाख 456 केल्व्हिनला वितळू लागतो आणि आपली खोली सुमारे 300 केल्व्हिनची. म्हणजे तो आपल्या वितळबिंदूच्या 66 टक्क्यांवर आहे. तांबे 1358 केल्व्हिनला वितळते, म्हणून ते जेमतेम 22 टक्क्यांवर. सर्वसाधारणपणे 40 ते 50 टक्क्यांच्या पुढे विसर्पण जाणवू लागते. आता पात्याचे गणित करा. वितळबिंदू 1623, तापमान 1273; म्हणजे 78 टक्के. डाखाच्या तारेपेक्षाही वाईट अवस्था! तरीही ते पाते हजारो तास टिकते.

यामागे दोन युक्त्या आहेत. धातू लांबतो तो अणूंच्या रचनेतील दोष थरांमधून सरकत गेल्यामुळे. निकेलमध्ये वजनाने शंभरात पाच-सहा भाग अ‍ॅल्युमिनियम मिसळून योग्य उष्णतोपचार केला, की आत सूक्ष्म घन तयार होतात. त्यांची बाजू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. त्यांत तीन निकेल अणूंमागे एक अ‍ॅल्युमिनियम अणू अशी काटेकोर रांग असते. ती मोडल्याशिवाय दोषाला पुढे सरकता येत नाही. विशेष म्हणजे सुमारे 800 अंशांपर्यंत तापमान वाढेल तसतसे हे घन अधिक बळकट होतात. अ‍ॅल्युमिनियम स्वतः 660 अंशांनाच वितळते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे नवल वाटते.

दुसरी युक्ती समजण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेली बादली पाहा. तिच्यावर पानांसारखी नक्षी दिसते. त्यातले प्रत्येक पान म्हणजे एक स्फटिक. बहुतेक धातू अशा असंख्य स्फटिकांचे बनलेले असतात. तापल्यावर स्फटिकांमधल्या सीमा कमकुवत होतात व तेथूनच तडे जातात. मग सीमाच नको! अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओतायचे.

प्रथम पात्याचा मेणाचा नमुना करतात. त्याच्यावर उष्णतारोधक मिश्रणाचे थर चढवतात आणि मेण वितळवून काढून टाकतात. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात तिचे वर्णन आहे. पुढचा भाग मात्र नवा. निर्वात भट्टीत, तळाशी पाण्याने गार ठेवलेली तांब्याची चकती असलेल्या साच्यात रस ओततात आणि साचा मिनिटाला काही मिलिमीटर एवढ्या संथ गतीने भट्टीतून खाली उतरवतात. चकतीवर शेकडो स्फटिक उगवून वर चढू लागतात. त्यांच्या वाटेत मळसूत्रासारखी वळलेली अरुंद नळी असते; अभियंते तिला ‘डुकराचे शेपूट’ म्हणतात. एस. टी.च्या दाराशी गर्दी उसळावी आणि आत एकालाच शिरता यावे, तसा एकच स्फटिक या नळीतून पार होतो आणि वरचा सारा साचा व्यापतो.

1982 साली प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांतून अशी पाती प्रवासी विमानांत आली. हे तंत्र साधलेले देश आजही मोजकेच आहेत आणि ते सहसा कोणी कोणाला देत नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेने ते विकसित करून हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी 60 पाती हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले.

आत खरोखर एकच स्फटिक आहे, हे कसे ओळखतात? पाते आम्लाने धुतले, की आगंतुक स्फटिक वेगळा चमकतो. शिवाय त्याच्यावर क्ष-किरण सोडून, 1912 साली माक्स फोन लाउए यांनी दाखवलेल्या तत्त्वाने उमटणारी ठिपक्यांची नक्षी तपासतात. त्यावरून स्फटिकाची दिशाही कळते. एका नक्षीवर दुसरी उमटलेली दिसली, की ते पाते इंजिनात जात नाही.