टॅबचा थांबा

फाइल उघडली की ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागा सगळी सारखीच पांढरी दिसते. ती स्पेसबार चारदा दाबून आली की टॅब एकदा दाबून, हे नुसतं बघून सांगता येत नाही. कंप्यूटरला मात्र दोन्ही चिन्हं वेगळी. आस्कीच्या तक्त्यात टॅबचा क्रमांक ९ आणि स्पेसचा ३२. एका एडिटरमध्ये सरळ रेषेत दिसणारा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर वाकडातिकडा का होतो, याचं कारण बहुतेक वेळा या दोन आकड्यांतच असतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुममध्ये माझ्यापुढे येणाऱ्या फाइली तऱ्हेतऱ्हेच्या असतात. कॉलेजच्या मुलांचे पायथनचे प्रोग्रॅम, एक्सेलमधून उचलून नोटपॅडमध्ये टाकलेल्या याद्या, कुणाच्या वेबसाइटच्या सेटिंगच्या फाइली. अर्धी फाइल घरच्या लॅपटॉपवर लिहिलेली, अर्धी मित्राच्या. एकाच्या एडिटरमध्ये टॅब चार घरांचा, दुसऱ्याच्या आठ. त्यामुळे काम हातात घेतलं की पहिलं पाहायचं ते हे, की टॅब आहेत कुठे.

त्यासाठी लिनक्सच्या टर्मिनलवर बहुतेक पुस्तकं 'कॅट' ही कमांड 'डॅश कॅपिटल ए' लावून चालवायला सांगतात. इंग्रजी फाइलला ते ठीक. मराठी फाइलवर चालवून बघा, सगळी देवनागरी मोडून एम, डॅश आणि विचित्र खुणांची रांग समोर येते. कारण तो पर्याय इंग्रजीबाहेरचा प्रत्येक बाइट फोडून दाखवतो. आपल्याला फक्त टॅब हवे असतात, म्हणून 'डॅश कॅपिटल टी' पुरतं. मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो आणि जिथे जिथे टॅब आहे तिथे टोपीची खूण आणि आय हे अक्षर उमटतं. पांढऱ्या जागेत अशा खुणा दिसल्या, की फाइल कुणी कशी लिहिली याचा अर्धा इतिहास समोर येतो. वरच्या तीस ओळी टॅबच्या, मधल्या दहा स्पेसच्या, खाली पुन्हा टॅब, म्हणजे मधला तुकडा कुठून तरी कॉपी करून आणलेला.

आता मुख्य गोष्ट. टॅब म्हणजे चार स्पेस किंवा आठ स्पेस नव्हे. टॅबचा अर्थ इतकाच, की इथून पुढच्या थांब्यापर्यंत जा. थांबा जवळ असेल तर जागा थोडी, लांब असेल तर जास्त. एसटीत कुठून बसलात त्यावर पुढच्या थांब्याचं अंतर ठरतं, तसंच. युनिक्सच्या जगात हे थांबे ठरीव धरले जातात, दर आठ घरांवर एक. ओळीच्या सुरुवातीला इंग्रजीतला एक आकडी रोल नंबर असेल आणि पुढे टॅब, तर तो टॅब सात घरं भरतो. रोल नंबर चार आकडी असेल तर चार घरं. आठ आकडी असेल तर आपण थांब्यावरच उभे असतो, म्हणून पुढच्या थांब्यापर्यंतची पूर्ण आठ घरं.

टायपिंगच्या क्लासात मशीनवर शिकलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. टाइपरायटरवर हे थांबे हाताने लावायचे असत. परीक्षेत 'स्टेटमेंट' आलं की आधी रकाने मोजायचे, प्रत्येक रकान्याची रुंदी ठरवायची, कॅरेज त्या जागेवर आणून थांबा सेट करायचा, मग टॅब दाबला की कॅरेज खाडकन तिथेच जाऊन उभं राहायचं. गोदरेजने १९५५ साली भारतातला पहिला टाइपरायटर बनवला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षाही आता कंप्यूटरवर होते. पण थांबे आधी ठरवून मग टॅब दाबायचा ही शिस्त ज्यांच्या बोटांत मुरली, ते टॅबला कधीच 'चार स्पेस' म्हणत नाहीत. ही समज नव्या मुलांपर्यंत पोचायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण पुढची सगळी घोळाघोळ ती नसण्यातून होते.

टॅबचे स्पेस करणाऱ्या कमांडचं नाव 'एक्सपांड'. युनिक्सच्या पोसिक्स मानकात ती आहे, म्हणून लिनक्स असो वा मॅक, वेगळं काही बसवावं लागत नाही. नुसती चालवली तर ती दर आठ घरांवर थांबा धरते. फाइल लिहिणाऱ्याने चार धरले असतील तर 'डॅश टी ४' सांगायचं. हा आकडा अंदाजाने टाकायचा नसतो. आधी फाइलमधली अशी जागा शोधायची जिथे एक ओळ टॅबने आत गेली आहे आणि तिच्या जोडीची ओळ स्पेसने. कधी दोन ओळींवरच्या टिप्पण्या उजवीकडे एका रेषेत आणण्याचा प्रयत्न दिसतो. थांबा किती धरला म्हणजे त्या दोन्ही रेषेत येतात, हे पाहिलं की लिहिणाऱ्याची सेटिंग सापडते. चारने जुळलं नाही तर आठ, मग दोन. या शोधाला दोन मिनिटं दिली तर पुढचा तास वाचतो.

काही जण 'टीआर' ही कमांड वापरून प्रत्येक टॅबच्या जागी एक स्पेस टाकतात, किंवा एडिटरच्या शोधा-बदलामध्ये टॅब देऊन चार स्पेस भरतात. ओळीच्या अगदी सुरुवातीच्या टॅबपुरतं दुसरं चालून जातं. ओळीच्या मधे आलेल्या टॅबला ते लागू पडत नाही, कारण तिथे किती जागा हवी हे आधी काय लिहिलंय त्यावर ठरतं. एक्सपांड नेमकं हेच करते. प्रत्येक ओळ पहिल्या घरापासून मोजत जाते आणि टॅब आला की थांब्यापर्यंत उरलेली घरं भरते. तिला स्टेटमेंटसारखे असमान थांबेही देता येतात, ५, २५, ३५ असे स्वल्पविरामाने लिहून. शेवटच्या थांब्यानंतर आलेल्या टॅबला मग एकच स्पेस मिळते.

एक धोका मात्र नवशिक्या मुलांना मी पहिल्या दिवशीच सांगतो. एक्सपांड आपलं उत्तर पडद्यावर ओतते, मूळ फाइल बदलत नाही. ते उत्तर त्याच नावाच्या फाइलमध्ये वळवलं, की एक्सपांडने वाचायला सुरुवात करायच्या आधीच शेल ती फाइल रिकामी करून ठेवतो. हातात शून्य बाइटची फाइल उरते. म्हणून उत्तर नव्या नावाने साठवायचं, ताडून पाहायचं, मगच जुन्या नावावर आणायचं.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडेल. देवनागरीचं सापडत नाही, आणि मराठी माणसाची खरी अडचण तिथेच आहे.

मुरुम हा शब्द घ्या. पडद्यावर तीन घरं व्यापतो. युनिकोडच्या हिशेबाने मात्र ती पाच चिन्हं आहेत: म, उकार, र, उकार, म. आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. 'डब्ल्यूसी' कमांडला हाच शब्द दिला तर 'डॅश सी' लावून १५ उत्तर येतं, 'डॅश एम' लावून ५ आणि 'डॅश कॅपिटल एल' लावून ३. तीनही उत्तरं बरोबर आहेत. प्रश्न इतकाच, की एक्सपांड त्यातलं कोणतं धरते.

ग्नूच्या कोअरयूटिल्स या कमांडसंचातली एक्सपांड वर्षानुवर्षं बाइट मोजत आली. फेडोरा आणि सुसेवाल्यांनी स्वतःचं ठिगळ लावून ती अक्षरं मोजणारी केली, पण उबंटूवर कैक वर्षं मूळचीच चालत राहिली. अशा मशीनवर आपल्या जिल्ह्याची यादी द्या, नाव, मग टॅब, मग आकडा. मुरुमचे पंधरा बाइट. पुढचा थांबा सोळावर. म्हणून नावापुढे एक स्पेस. उमरगा आणि परंडा यांचेही पंधराच, त्यांनाही एकेक. धाराशिवचे एकवीस, तीन स्पेस. लोहाऱ्याचे अठरा, सहा स्पेस. भूमचे नऊ, सात स्पेस. आणि तुळजापूरचे बरोबर चोवीस. चोवीसवर थांबा आहेच, म्हणून पुढच्या थांब्यापर्यंतच्या पूर्ण आठ स्पेस. तुळजापूरसारख्या लांब नावापुढे जास्त जागा आणि मुरुमसारख्या आखूड नावापुढे कमी, असं उलटंच चित्र. टॅब असताना जी यादी पडद्यावर सरळ दिसत होती, ती रूपांतरानंतर दातरी होते. कमांडने मोजणीत चूक केलेली नसते. तिने बाइट मोजले आणि आपण अक्षरं बघत होतो.

आपल्या मशीनवरची एक्सपांड काय मोजते हे कळायला एकट्या मुरुमची चाचणी पुरते. मुरुम आणि टॅब दिल्यावर पाच स्पेस मिळाल्या तर ती पडद्यावरची रुंदी धरते आहे. एक मिळाली तर बाइट. पायथनमध्ये याच कामाची 'एक्सपांडटॅब्ज' नावाची सोय आहे; ती युनिकोड चिन्हं मोजते, म्हणून मुरुमपुढे तीन स्पेस देते. तेही पडद्याशी जुळत नाहीच.

हा प्रश्न फक्त मराठीचा नाही. मुरुमपासून कर्नाटकची हद्द जवळ, बाजारात मराठीबरोबर कन्नडही कानावर पडतं. कन्नडचं प्रत्येक चिन्हही तीन बाइटचं. निजामाच्या काळापासून या भागात रुळलेल्या उर्दूचं अक्षर दोन बाइटचं. एकाच यादीत तिन्ही लिप्या आल्या तर बाइट मोजणारी कमांड प्रत्येक ओळीला वेगळा न्याय लावते. १९९१ च्या इस्की मानकात देवनागरीच्या एका चिन्हाला एकच बाइट होता, तेव्हा हे अंतर इतकं टोकाचं नव्हतं. यूटीएफ-८ ने सगळ्या लिप्या एका फाइलमध्ये नांदवल्या आणि ते फार मोठं काम झालं. पण 'एक बाइट म्हणजे एक घर' हे जुनं गृहीतक ज्या कमांडमध्ये राहून गेलं, त्या आपल्यासाठी अपुऱ्या पडल्या. लिहिणाऱ्यांनी फक्त इंग्रजी फाइलींवर तपासून पुढे पाठवल्याची किंमत आपल्या याद्या मोजतात, आणि याची तक्रार आपणच केली पाहिजे.

तोवर हातात असलेला उपाय म्हणजे 'डॅश आय'. हा पर्याय दिला की एक्सपांड फक्त ओळीच्या सुरुवातीचे टॅब बदलते आणि पहिलं अक्षर आलं की पुढच्या टॅबना हात लावत नाही. सुरुवातीच्या टॅबच्या आधी देवनागरी नसतेच, त्यामुळे बाइट मोजा की अक्षरं, उत्तर एकच येतं. मराठी टिप्पण्या असलेल्या पायथनच्या फाइलींना मी हाच पर्याय लावतो. पायथन ३ ला टॅब आणि स्पेस गोंधळात टाकतील असे मिसळलेले चालत नाहीत, प्रोग्रॅम तिथेच थांबतो. त्या भाषेच्या शैलीचा पेप ८ हा दस्तऐवज चार स्पेस वापरा असं सांगतो. वायएएमएल प्रकारच्या सेटिंगच्या फाइलींत तर ओळ आत घ्यायला टॅब मुळीच चालत नाही. अशा ठिकाणी रूपांतर करायलाच हवं.

उलट मेकफाइलला हात लावू नये. तिथे आज्ञेची प्रत्येक ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. स्पेस दिल्या की 'मिसिंग सेपरेटर' म्हणून मेक अडून बसतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये १९७६ साली मेक लिहिलं. टॅबचा हा नियम त्रासाचा आहे हे लवकरच ध्यानात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून नियम तसाच ठेवला गेला. आज जगभरचे प्रोग्रॅमर त्या डझनभरांची सोय पाळतात.

आणि याद्यांनाही नाही. एक्सेलमधून रकाने उचलून नोटपॅडमध्ये टाकले, की दोन रकान्यांच्या मधे टॅब येतो. तिथे तो सजावट नसतो, हद्द असतो. 'कट' कमांड मुद्दाम काही सांगितलं नाही तर टॅबवरच रकाने तोडते. आपल्याकडच्या नावांत, पत्त्यांत मधे स्पेस असतेच: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. टॅबच्या जागी स्पेस भरली की आडनाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं हे कुठल्याच कमांडला सांगता येत नाही. पुष्कळांना वाटतं, बिघडलं तर 'अनएक्सपांड' चालवू, स्पेसचे परत टॅब होतील. होत नाहीत. ती मुळात ओळीच्या सुरुवातीपुरतीच काम करते. 'डॅश ए' लावून सगळ्या ओळीवर चालवली तरी थांब्याच्या आधी दोन किंवा जास्त स्पेस असतील तरच टॅब करते. वरच्या यादीत तुळजापूरपुढच्या आठ स्पेसचा टॅब परत मिळेल, धाराशिवपुढच्या तीनचाही मिळेल. मुरुम, उमरगा, परंडा यांच्यापुढे एकच स्पेस होती. ती स्पेसच राहते आणि त्या तीन ओळींचा रकाना कायमचा गेलेला असतो. अनएक्सपांडला 'डॅश टी ४' दिलं की 'डॅश ए' आपोआप लागू होतं हेही लक्षात ठेवावं. फक्त सुरुवातीची जागा बदलायची असेल तर 'फर्स्ट-ओन्ली' हा पर्याय सोबत लिहावा लागतो.

रूपांतर झालं की शेवटी ताडणी. फाइल गिटमध्ये असेल तर 'गिट डिफ' ला 'डॅश डब्ल्यू' लावायचं. मग रिकाम्या जागेचे बदल सोडून बाकीचेच दिसतात. पडदा कोरा आला तर मजकुराला धक्का लागलेला नाही. पायथनच्या बाबतीत एवढ्यावर थांबत नाही मी, कारण तिथे रिकाम्या जागेलाच अर्थ आहे आणि नेमकी तीच या तपासणीतून वगळलेली असते. प्रोग्रॅम चालवून पाहतो. हा बदल एकट्याने एका कमिटमध्ये ठेवतो, त्यात दुसरी दुरुस्ती मिसळत नाही, आणि संदेशात थांबा किती घरांचा धरला तो आकडा लिहून ठेवतो.